विधिमंडळ कोणाच्या मांडीवर? जेसी अनरू आणि कॅलिफोर्नियाची गोष्ट

१९४९ साली अमेरिकेतल्या ‘कोलियर्स’ साप्ताहिकात एक फोटो छापून आला. खुर्चीत धिप्पाड देहाचा एक माणूस बसला आहे आणि त्याच्या मांडीवर एक बोलका बाहुला आहे, आपल्या अर्धवटरावासारखा. माणूस त्याला विचारतो आहे, ‘काय विधिमंडळसाहेब, आज कसं काय?’

माणसाचं नाव आर्टी सॅमिश. कॅलिफोर्नियाच्या कुठल्याही निवडणुकीत लोकांनी त्याला निवडून दिलं नव्हतं. बिअर बनवणाऱ्या कंपन्या, घोड्यांच्या शर्यतींची मैदानं, बसवाहतूकवाले अशा धंद्यांचा तो लॉबिस्ट होता. लॉबिस्ट म्हणजे एखाद्या धंद्याच्या वतीने आमदारांना गाठून हवा तो कायदा करून घेणारा, नको तो अडवणारा पगारी माणूस. त्या लेखात सॅमिशने उघड सांगितलं की विधिमंडळाचा गव्हर्नर मीच आहे. राज्याचे खरे गव्हर्नर अर्ल वॉरन यांनीही मान्य केलं की सॅमिशच्या अशिलांचा प्रश्न असेल तिथे त्याची ताकद माझ्यापेक्षा जास्त आहे.

हा फोटो नीट समजला, तर जेसी अनरू या माणसाचं राजकारण समजायला सोपं जातं. अनरू कधी गव्हर्नर झाले नाहीत, खासदार झाले नाहीत, मंत्री तर नाहीतच. तरीही अमेरिकेतल्या राज्यांची विधिमंडळं आज जशी चालतात, त्यात त्यांचा वाटा कितीतरी गव्हर्नरांपेक्षा मोठा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी रचना. अमेरिकेत राज्याचा कारभार गव्हर्नर चालवतो. त्याला लोक थेट निवडून देतात, त्यामुळे आमदारांचं बहुमत गेलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही. विधिमंडळ ही त्याच्यापासून वेगळी, स्वतंत्र सत्ता. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत: ८० जणांची असेंब्ली आणि ४० जणांचं सिनेट. असेंब्लीच्या प्रमुखाला स्पीकर म्हणतात. आपल्या विधानसभेच्या अध्यक्षांनी खुर्चीत बसल्यावर पक्षापासून अंतर ठेवावं, अशी निदान अपेक्षा असते. तिकडे तसं नाही. कॅलिफोर्नियाचा स्पीकर हा बहुमतातल्या पक्षाचा उघड पुढारी असतो. कोणत्या समितीवर कोण बसणार, तिचा प्रमुख कोण, हे तो ठरवतो. विधेयक समितीत अडकलं की बहुतेक वेळा तिथेच मरतं. त्यामुळे समित्या ज्याच्या हातात, सभागृह त्याच्या हातात.

मग एवढी ताकद असलेलं सभागृह सॅमिशच्या मांडीवर जाऊन कसं बसलं?

त्याची कारणं कंटाळवाणी वाटतील, पण सगळं मर्म त्यांच्यातच आहे. पहिलं म्हणजे पगार. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियाच्या आमदाराला महिन्याला ५०० डॉलर मिळत, वर्षाचे ६,०००. एवढ्यात घर चालत नसे, म्हणून बहुतेकांचा दुसरा धंदा असे, वकिली, विमा, शेती असा. दुसरं, वेळ. विधिमंडळाचं मोठं अधिवेशन एक वर्षाआड, तेही १२० दिवसांचं; मधल्या वर्षी फक्त अर्थसंकल्पासाठी ३० दिवस. तिसरं, माणसं. विधेयकाची भाषा लिहून देणारं एक कार्यालय होतं, आणि १९४१ पासून अर्थसंकल्प तपासणारं एक स्वतंत्र कार्यालयही होतं. पण आमदाराच्या हाताशी, समितीच्या हाताशी अभ्यास करणारे लोक नव्हते. समोर आलेल्या शेकडो विधेयकांचा अर्थ त्याला कोण सांगणार? लॉबिस्ट सांगणार. जेवण कोण देणार? लॉबिस्टच.

चौथं कारण खास कॅलिफोर्नियाचं. तिथे एकाच उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, उभं राहता येत असे. बरेच जण दोन्ही जिंकून टाकत, मग खरी निवडणूक नावापुरतीच उरे. ही पद्धत पक्षांच्या दादागिरीला चाप बसावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली होती. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पक्ष इतके दुबळे झाले की उमेदवाराला प्रचाराचा पैसा पक्षाकडून मिळेना. ती पोकळी सॅमिशसारख्यांनी भरली. सॅमिशला पुढे १९५३ मध्ये करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं, पण त्याला जन्म देणारी व्यवस्था जागच्या जागी राहिली. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिस भागातून जेसी अनरू असेंब्लीवर निवडून आले. त्याआधी ते पराभवाची चव घेऊन बसले होते.

अनरूंचा जन्म १९२२ चा, कॅन्ससमधल्या न्यूटनचा. घराणं मेनोनाइट, म्हणजे साधी राहणी आणि अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. बालपण टेक्ससमध्ये, दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात गेलं. घरची गरिबी विलक्षण होती. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय सरकारने केली होती, तिच्या आधारे ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले आणि १९४८ मध्ये पदवीधर झाले. अंगाने अवाढव्य, वजन ३०० पौंडांच्या घरात, म्हणजे १३० किलोंच्या आसपास. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बिग डॅडी’ हे नाव चिकटवलं, तेव्हाच्या एका गाजलेल्या नाटकातल्या दरारेबाज जमीनदाराच्या नावावरून. हे नाव त्यांना मनापासून नकोसं होतं आणि ते आयुष्यभर सुटलं नाही.

१९५८ च्या निवडणुकीत कॅलिफोर्नियात उलथापालथ झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे पॅट ब्राउन गव्हर्नर झाले, दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाकडे आली, आणि १९५९ मध्ये ती दोन्ही प्रायमऱ्यांची पद्धत रद्द झाली. अनरू असेंब्लीच्या अर्थसमितीचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे दोन कायदे झाले. त्यातला एक हप्त्यांवर वस्तू विकण्याबद्दलचा होता. फर्निचर, फ्रिज हप्त्याने घेणाऱ्या गरीब माणसाला एकूण किती पैसे भरावे लागणार हे दुकानदाराने कागदावर स्पष्ट लिहून द्यायचं, आणि वरच्या आकाराला मर्यादा. हातावर पोट असलेल्या घरातून आलेल्या माणसाला हा कायदा सुचावा, यात मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरा म्हणजे अनरू नागरी हक्क कायदा. यावर थोडं थांबू, कारण आपल्यापैकी अनेकांचा त्याच्याशी नकळत संबंध आलेला आहे.

कॅलिफोर्नियात १८९७ पासून असा कायदा होता की खानावळ, हॉटेल, न्हाव्याचं दुकान, नाट्यगृह अशा ठिकाणी वर्णावरून कोणाला नाकारता येणार नाही. अडचण त्या यादीत होती. यादीत जे नाही ते कायद्यात नाही, असा अर्थ न्यायालयं काढू लागली. १९५७ मध्ये एका दंतवैद्याने कृष्णवर्णीय रुग्णाला तपासायला नकार दिला, आणि न्यायालयाने सांगितलं की दंतवैद्याची खोली ही ‘सार्वजनिक जागा’ नाही. अनरूंच्या कायद्याने यादीच काढून टाकली. त्या जागी शब्द आले: ‘कोणत्याही प्रकारच्या सर्व व्यावसायिक आस्थापना’. वर्ण, रंग, धर्म, वंशपरंपरा किंवा मूळ राष्ट्र यांवरून भेदभाव करणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची, आणि वर २५० डॉलर. पूर्ण देशासाठी नागरी हक्क कायदा झाला १९६४ मध्ये, म्हणजे याच्या पाच वर्षांनी.

कायदा मोकळ्या शब्दांत लिहिला की काय होतं, हे पुढच्या काळात दिसलं. १९७० मध्ये लांब केसांच्या, वेगळ्या पेहरावाच्या तरुणांना मॉलमधून हाकलण्याचं प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा ठरलं की कायद्यात दिलेली कारणं ही उदाहरणं आहेत, कुंपण नव्हे. १९८२ मध्ये ठरलं की ‘मुलंबाळं असलेल्यांना घर देणार नाही’ असं घरमालकाला म्हणता येणार नाही. १९८५ मध्ये तर गाड्या धुण्याच्या केंद्रातली आणि नाइट क्लबमधली फक्त बायकांसाठीची सवलतही याच कायद्याखाली बेकायदा ठरली.

आणि २०२३ मध्ये या कायद्याचा संबंध जातीशी आला. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी जातिभेदाविरुद्ध विधेयक आणलं. ते मांडलं तेव्हा अनरूंच्या कायद्यातही ‘जात’ घालण्याचा प्रस्ताव होता. राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, झालेल्या सुनावण्यांमध्ये आंबेडकरी संघटना बाजूने उभ्या राहिल्या, काही हिंदू संघटना विरोधात. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, भारतीय घरांमध्ये तेव्हा झालेले वाद अनेकांना आठवत असतील. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्याला नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं की सध्याच्या कायद्यांत ‘वंशपरंपरा’ हे कारण आहेच, जातीचा भेदभाव त्यात आपोआप येतो. तो शब्द १९५९ पासून अनरूंच्या कायद्यात आहे. माझ्या मते गोष्टीचं नाव घेऊन लिहिणं आणि ती एखाद्या मोठ्या शब्दात गृहीत धरणं यात फरक असतो, आणि ज्याच्यावर भेदभाव होतो त्याला तो फरक चांगला कळतो.

आता मूळ धाग्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९६१ रोजी, आपल्या ३९ व्या वाढदिवशी, अनरू स्पीकर झाले. पुढची सात वर्षं त्यांनी जे केलं ते दोन भागांत पाहावं लागतं. एक भाग अभिमानाने सांगण्यासारखा आहे, दुसरा सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. पण दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक घेऊन दुसरा टाकता येत नाही.

जपून सांगायचा भाग पैशाचा. ‘पैसा म्हणजे राजकारणाला आईचं दूध’ हे अनरूंचं वाक्य अमेरिकेत म्हणीसारखं वापरलं जातं. त्यांची युक्ती अशी होती. लॉबिस्ट आजवर एकेका आमदाराला पैसे देऊन त्याला बांधून घेत. अनरूंनी सांगितलं, पैसे माझ्याकडे द्या, कोणाला द्यायचे ते मी ठरवतो. मग चुरशीच्या मतदारसंघांतल्या आपल्या उमेदवारांना त्यांनी तो पैसा पुरवला. निवडून आलेला आमदार आता लॉबिस्टचा मिंधा नव्हता, स्पीकरचा होता. होम सेव्हिंग्ज या बचत-कर्ज कंपनीचे मालक हॉवर्ड अहमनसन यांच्यासारखे धनाढ्य त्यांच्या पाठीशी होते. लॉबिस्टबद्दल अनरू नव्या आमदारांना जे बजावत, त्याचा आशय असा: त्यांचं जेवण जेवून, त्यांची दारू पिऊन, त्यांचे पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांच्याच विरुद्ध मत देता येत नसेल, तर तुमचं इथे काम नाही.

हे ऐकायला मर्दानी वाटतं. पण सगळे आमदार असे खंबीर नसतात, आणि पैसा देणारे इतके भोळे नसतात. बाहुला सॅमिशच्या मांडीवरून उतरला खरा, पण काही काळ तो स्पीकरच्या मांडीवर बसला, असं मला स्पष्ट वाटतं.

त्याचं सगळ्यात वाईट रूप १९६३ च्या जुलैमध्ये दिसलं. राज्याच्या अर्थसंकल्पाला दोन-तृतीयांश, म्हणजे असेंब्लीत ५४ मतं लागत. डेमोक्रॅटांकडे तेवढी नव्हती. शाळांच्या अनुदानाचा आराखडा आधी दाखवा, मगच मत देऊ, असं म्हणून रिपब्लिकन अडून बसले. त्यांची मागणी गैर नव्हती. अनरूंनी नियमाचा आधार घेऊन सभागृहाची दारं बंद केली आणि विरोधी आमदारांना रात्रभर आत डांबून ठेवलं. सकाळी देशभरच्या वर्तमानपत्रांत कोंडलेल्या आमदारांचे फोटो होते. अनरूंच्या प्रतिमेला त्या रात्री गेलेला तडा कधीच बुजला नाही. नंतर त्यांनी वजन खूप उतरवलं, बोलणं-वागणं बदललं, तरी लोकांच्या मनातला ‘बिग डॅडी’ तसाच राहिला.

अभिमानाचा भाग शांतपणे, बातमी न होता घडला. समित्यांना सल्लागार मिळाले: अर्थतज्ज्ञ, वकील, शिक्षण आणि आरोग्य जाणणारे पूर्णवेळ नोकर. आता लॉबिस्टने आणलेलं विधेयक वाचून ‘याच्या चौथ्या कलमात खरी मेख आहे’ हे आमदाराला सांगणारं, विधिमंडळाच्या पगारावरचं माणूस शेजारी बसू लागलं. असे मदतनीस अनरूंनी विरोधी पक्षालाही दिले. ज्या माणसाने विरोधकांना कोंडलं, त्यानेच त्यांना अभ्यासाचं हत्यार दिलं, ही गोष्ट मला त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाची वाटते.

याच काळात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गाठ सोडवली. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये जागा लोकसंख्येवर नव्हे, काउंट्यांवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांवर वाटलेल्या होत्या. १९६० च्या जनगणनेप्रमाणे लॉस एंजेलिस काउंटीत ६०,३८,७७१ माणसं, आणि तिला सिनेटर एक. डोंगराळ पूर्वेकडच्या तीन काउंट्या मिळून १४,२९४ माणसं, त्यांनाही सिनेटर एक. म्हणजे डोंगरातल्या एका माणसाच्या मताचं वजन शहरातल्या ४२२ जणांएवढं. १९६४ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात न्यायालयाने ठरवलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांत जागा लोकसंख्येप्रमाणेच हव्यात. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने नकाशा बदलला आणि लॉस एंजेलिसला एकाच्या जागी डझनाहून जास्त सिनेटर मिळाले.

नोव्हेंबर १९६६ मध्ये अनरूंनी आपला मुख्य डाव मांडला. राज्यघटनेत बदल करून विधिमंडळ दरवर्षी, दिवसांच्या मर्यादेशिवाय भरावं आणि पगार ६,००० वरून १६,००० डॉलर व्हावा. कॅलिफोर्नियात असा बदल लोकांच्या मतदानानेच होतो. आमदारांचा पगार वाढवा असं लोकांना विचारणं किती अवघड, हे कोणालाही कळेल. पण गव्हर्नरपदाचे दोन्ही उमेदवार, ब्राउन आणि रोनाल्ड रेगन, पाठीशी होते, आणि ७३ टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला. १९७१ मध्ये देशातल्या पन्नासही विधिमंडळांचा एक अभ्यास झाला, त्यात कॅलिफोर्नियाचा पहिला क्रमांक लागला. इतर राज्यं हाच नमुना समोर ठेवू लागली.

त्यानंतरची अनरूंची वर्षं दुःखाची आहेत. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत ते होते, आणि कॅलिफोर्नियाच्या प्रचाराची धुरा त्यांच्याकडे होती. ४ जूनला केनेडी तिथली प्रायमरी जिंकले. मध्यरात्र उलटल्यावर अँबॅसडर हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वाटेवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संतापलेला जमाव मारेकऱ्यावर तुटून पडला तेव्हा अनरू टेबलावर चढून ओरडत होते की याला जिवंत ठेवा, याच्यावर खटला चालला पाहिजे. पाच वर्षांपूर्वी जॉन केनेडींचा संशयित मारेकरी खटल्याआधीच मारला गेला होता आणि देश त्या संशयातून बाहेर आला नव्हता. आपला नेता पायाशी रक्तात पडलेला असताना कायद्याची आठवण ठेवणं, हा मला त्या माणसाचा सगळ्यात मोठा क्षण वाटतो.

त्याच वर्षाच्या शेवटी रिपब्लिकनांनी असेंब्ली थोडक्यात जिंकली आणि अनरूंची स्पीकरची खुर्ची गेली. १९७० मध्ये ते गव्हर्नरपदासाठी रेगनविरुद्ध उभे राहिले, ५३ विरुद्ध ४५ टक्के अशा फरकाने हरले. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या महापौरपदाची निवडणूकही हरले. १९७४ मध्ये त्यांनी राज्याचं खजिनदारपद मिळवलं, जे तोवर कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. राज्याचे रोखे कोणती बँक विकणार, हे तिथून ठरतं, आणि सरकारी नोकर आणि शिक्षक यांच्या पेन्शन निधीच्या मंडळांवर खजिनदार आपोआप बसतो. १९८४ मध्ये टेक्साको या तेलकंपनीने एका धनाढ्य घराण्याकडून आपले शेअर चढ्या भावाने परत घेतले आणि बाकी भागधारकांना, म्हणजे पेन्शन निधीलाही, तो भाव दिला नाही. अनरू चिडले. १९८५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने देशातले पेन्शन निधी एका परिषदेत एकत्र आले आणि कंपन्यांच्या संचालकांना जाब विचारू लागले. ४ ऑगस्ट १९८७ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं, तेव्हाही ते खजिनदारच होते.

त्यांच्या मागे तीन वर्षांनी, १९९० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्यांच्या कामातला मोठा तुकडा कापून काढला. असेंब्लीचा सदस्य आयुष्यात फक्त सहा वर्षं राहू शकेल, आणि विधिमंडळाच्या खर्चात मोठी कपात. पूर्णवेळ आमदार तहहयात आमदार होत चालले होते, लोकांचा राग खोटा नव्हता. पण अनुभवी सल्लागार निघून गेले, आमदार काम शिकेपर्यंत त्याची मुदत संपू लागली, आणि सभागृहाची जुनी आठवण लॉबिस्टांजवळच उरली. २०१२ मध्ये नियम बदलून दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षांची मुदत केली, आणि ती सगळी एकाच सभागृहात काढायची मुभा दिली.

सॅक्रामेंटोत आजही दरवर्षी १८ पदवीधर असेंब्लीत कामाला येतात. जवळजवळ वर्षभर ते एखाद्या आमदाराकडे किंवा समितीकडे बसतात, आणि समोर आलेलं विधेयक ओळीओळीने वाचून त्यात नेमकं काय लिहिलं आहे ते आमदाराला समजावून सांगणं हा त्यांच्या कामाचा भाग असतो. त्या योजनेला जेसी अनरूंचं नाव आहे.